एक लिटर समुद्र

रोज सकाळी मी समुद्र करते, एक लिटर.
मीठ तोलून, थोडं मॅग्नेशियम, चिमूटभर पोटॅशियम,
आणि पाणी गिरणेचं, गाळून, उकळून, निवलेलं.
जळगावात समुद्र असाच येतो,
फ्लास्कमध्ये, तोंडाला कापसाचा बोळा लावून.

ज्याच्यासाठी करते त्याला अजून नाव नाही.
वहीत तो आर-सतरा.
रत्नागिरीच्या खडकावर एक शेवाळ होतं,
शेजारचे सगळे दगड बुळबुळीत, शिंपल्यांनी खरबरलेले
आणि हे आत्ताच कुणी धुऊन वाळत घातल्यासारखं.
त्याच्या अंगावर राहणारा हा.
थर्माकोलच्या डब्यातून आणला, एसटीने, गाड्या बदलत.
नाशिकला बर्फ वितळला
तेव्हा रसवंतीवाल्याने दिला, पैसे न घेता.
काय नेताय, विचारलं त्याने. मी म्हटलं, मासळी.

थर मला लहानपणापासून माहीत आहे.
फैजपूरला काकांच्या केळीत ठिबकच्या नळ्या तुंबायच्या,
टाचणी घेऊन मी सरीसरीने बसायचे.
छिद्रातून निघायचं बोटाला लोंबणारं काहीतरी.
तेव्हा वाटायचं, गाळ.
ती वस्ती होती.
एक येतो, चाचपतो, टेकतो,
मागच्याला निरोप धाडतो,
पुरेसे जमले की वरून चिकाचं छप्पर घालतात.
मग औषध येतं आणि कौलावरून पाणी जावं तसं जातं.

आर-सतरा त्यांना मारत नाही.
एवढं कळायला मला दोन वर्षं लागली.
तो पाण्यात काहीतरी सोडतो, फिकट पिवळं,
आणि निरोप पोचत नाही.
सगळे जिवंत, सगळे पोहत,
फक्त बसायचं कुणाच्या मनात येत नाही.

उखर्डूभाऊ तायडे आमचं काचसामान धुतात.
आधीची दोन भावंडं गेली म्हणून
यांना जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून उचललं. तेच नाव.
एकदा मी ओरडेपर्यंत त्यांनी करंगळी बुडवून चाखलीसुद्धा.
‘ताई, हाई पानी खारं शे.’
समुद्र आहे, म्हटलं.
त्यांनी बाटलीला कान लावला.

त्यांचा भाऊ धुळ्याला, सिव्हिलमध्ये.
कंबरेखाली काही हलत नाही, लघवीला नळी.
नळी बदलतात, पुन्हा ताप येतो,
काढलेली नळी आतून दुधाळ.
‘मारस नही, नुसतं बसू देस नही?
मंग बेस शे. कवय भेटी?’
आम्ही अजून उंदरापर्यंतही पोचलो नाही
हे मी सांगितलं नाही.
बघू, म्हटलं. वाईट शब्द आहे, बघू.

मेमध्ये वीज गेली. सेहेचाळीस अंश.
जनरेटरमध्ये डिझेल नव्हतं, सरांचा फोन लागत नव्हता.
उखर्डूभाऊंनी कॅन्टीनचा माठ उचलून आणला,
तळाला ओली वाळू, भोवती ओलं गोणपाट,
आणि आत पाच समुद्र.
मशीन हलवायचं ते आम्ही हातांनी हलवलं,
आळीपाळीने, पहाटे चारपर्यंत.
खांदे भरून आले. बोललो फारसं नाही.
तीन गेले. दोन राहिले.

त्या दोघांचं पाणी घेऊन प्लेट लावली.
शहाण्णव खळगे. जांभळा रंग ओतायचा,
थांबायचं, तीनदा धुवायचं.
जिथे वस्ती झाली तिथे रंग राहतो,
जांभळं खाल्लेल्या जिभेसारखा.
वरच्या तीन ओळी जांभळ्या.
चौथी ओळ कोरी.
किती वेळ बघत राहिले मी तिथे,
जिथे काहीही झालेलं नव्हतं.

उखर्डूभाऊंनी चष्मा कपाळावर सारला, वाकले.
चौथ्या ओळीत सातवा खळगा, गडद.
‘हाई एक कसाले बसनं?’

वहीत मी तेवढंच लिहिलं,
त्यांच्याच शब्दांत, पुढे तारीख.
मागे तराजूवर मीठ पडल्याचा आवाज आला.